दत्तगुरूंच्या नावाची ऑर्डर

चहा संपवा आधी, मग सांगते. हे ऐकताना हसू येतं, आणि कपबशी हातात असताना हसलं की साडीचं काय होतं ते बायकांना सांगायला नको.

मी मुळात कुणाच्या धंद्यात लुडबूड करणारी बाई नाही. माझं जग म्हणजे स्वयंपाकघर, देवघर आणि गुरुवारचा उपास. तरी गेल्या वर्षी आमच्या घरच्या धंद्याला मी असा काही हातभार लावला, की दारात रिकाम्या बाटल्यांचा टेंपो उभा राहिला आणि कोल्हापूरच्या एका भल्या माणसाला आम्ही ‘माल नाही’ म्हणून परत पाठवलं. आणि हे सगळं मी देवघरातल्या पाटावरून न उठता केलं. काय म्हणाल आता?

तर झालं असं. आमचा मंदार आणि सूनबाई केतकी पुण्याच्या नोकऱ्या सोडून रत्नागिरीला परत आले. भाट्याच्या पुलापलीकडे आमची रातांब्याची झाडं आहेत. तिथेच शेड टाकली आणि कोकमाचं आगळ करायला लागले. घाटावरची कुणी ऐकत असेल तर सांगते, रातांब्याला मीठ लावून जो गडद लाल रस सुटतो, ज्याची आपण सोलकढी करतो, तेच आगळ. पण मुलांचा बेत असा, की बाटलीबाटलीने विकत बसायचं नाही. हॉटेलं, कॅन्टीनं, केटरिंगवाले अशा मोठ्या घेणाऱ्यांनाच कॅन भरून द्यायचं.

माल उत्तम झाला. शेडमध्ये पिंपं भरून उभी राहिली. फक्त घेणारा येईना.

एकदा वाटण वाटताना मंदारचं फोनवरचं बोलणं कानावर आलं. जुन्या साहेबांशी बोलत होता. “वर्षअखेरपर्यंत बघतो, सर. नेहमीचा एखादा मोठा घेणारा मिळाला तर इथेच राहू. नाही तर येतो मी परत.”

माझा हात थांबला. मुलं परत गेली तर शेडला कुलूप. एवढ्या घरात मी आणि हे, दोघंच. ह्यांचं काय, ते वर्तमानपत्राशीसुद्धा गप्पा मारतात. मी काय करायचं?

मी काय करणार, तेच केलं जे मला येतं. गुरुपौर्णिमेला संकल्प सोडला. दत्तजयंतीच्या आत ‘श्री गुरुदेव दत्त’ हे नाव एक लाख वेळा लिहीन, पण माझ्या मुलाला एक घेणारा मिळू दे. आणि संकल्प कुणाला सांगायचा नाही, हे तर तुम्हाला ठाऊकच आहे. सांगितला की त्याचं बळ जातं.

इकडे केतकी तिच्या पद्धतीने तिचा संकल्प करत होती. रात्रीच्या जेवणाला बसलो असताना तिने आम्हाला समजावून सांगितलं.

“आई, मोठे घेणारे आधी फोन करत नाहीत. ऑफिसात बसून चार-पाच जणांच्या वेबसाइट उघडतात आणि विचारतात. जो पटकन उत्तर देतो त्याच्याकडे थांबतात. त्या वेळी आपण शेडमध्ये कोपरापर्यंत आगळात. उत्तर देणार कोण?”

“कोण?” मी विचारलं.

“चॅटबॉट. वेबसाइटवर एक छोटी चौकट असते. आलेल्याला नमस्कार करायचा, तुम्ही कोण, किती माल हवा, कधीपर्यंत हवा एवढं विचारून घ्यायचं आणि माझ्या मोबाइलवर कळवायचं. नुसता टाइमपास करणारा कोण आणि खरा घेणारा कोण, ते तिथेच कळतं.”

“म्हणजे दारात बसवलेला गडी,” हे म्हणाले.

“गडी नाही हो बाबा, प्रोग्राम असतो.”

“दिवसभर दारात असतो?”

“रात्रीसुद्धा.”

“सुट्टी?”

“नाही.”

“पगार?”

“सध्या तरी फुकट आहे.”

“मग गडी नव्हे, घरची बाई म्हण की.” असं म्हणून हे ताकाच्या वाटीत बघत बसले. मी भात वाढला, जरा जास्तच वाढला.

पण मला ती कल्पना पटली बरं का. आपल्याकडे कुणी ओटीवर आलं, की आपण तरी दुसरं काय करतो? आधी गूळपाणी, मग ‘कुठून आलात, काय काम काढलंत’. दार उघडं असावं आणि विचारणारं कुणी असावं, एवढीच आलेल्याची अपेक्षा असते. घरात माणूस नसेल तर यंत्राने विचारावं. त्यात वाईट काय?

तिचं नाव केतकीने सखी ठेवलं. मराठीत बोलणारी हवी होती, म्हणून तपासायचं काम माझ्याकडे आलं. जुना टॅब माझ्या हातात देऊन केतकी म्हणाली, “तुम्ही घेणाऱ्या आहात असं समजून हिच्याशी बोला. कुठे खटकलं तर सांगा. हे सरावाचं पान आहे, आई. इथे लिहिलेलं कुणाला दिसत नाही, आपोआप पुसून जातं.”

मी सखीचं मराठी पुष्कळ सुधारलं. ‘आपली विनंती यशस्वीरित्या सादर झाली’ असं म्हणायची बिचारी. मी ते ‘आपला निरोप पोहोचला’ असं करून घेतलं. काम संपलं. टॅब मात्र देवघराच्या खिडकीत तसाच राहिला, ते पान उघडं ठेवून.

मग आले गणपती. मोदक वळता वळता माझं उजवं मनगट असं सुजलं, की हातात पळी धरवेना. डॉक्टरांनी पट्टा बांधला आणि म्हणाले, लिहिणं पूर्ण बंद. त्यांना काय माहीत माझं लिहिणं कसलं ते. वह्या अर्ध्यावर, दत्तजयंती समोर, आणि नवरात्राचे उपास सुरू झालेले. संकल्प मोडला तर मन खाणार, आणि लिहायला जावं तर हात उठत नाही.

खिडकीतल्या टॅबवर नजर गेली. त्यात बोलायचं एक बटण होतं. दाबून बोललं की अक्षरं आपोआप उमटतात, हे मला सखीला शिकवतानाच कळलं होतं. दत्तगुरूंपुढे हात जोडले. म्हटलं, तोंडाने बोलते आणि समोर उमटतं, हे लिहिण्यासारखंच धरून घ्या. आणि मला ते पुसून जाणं सुद्धा फार आवडलं. पाण्यावर नाव लिहावं तसं. कुणी बघायला नको, मागे काही उरायला नको.

बटण दाबलं आणि म्हटलं, “श्री गुरुदेव दत्त.”

सखीने लगेच लिहिलं, ‘नमस्कार. आपला निरोप पोहोचला.’

आता तुम्ही मला हसा. पण आजवर इतके जप केले, इतक्या पोथ्या वाचल्या, पोहोच अशी कधी कुणी दिली नव्हती हो. यंत्र आहे हे मला ठाऊक होतं. ते वाक्य तर मीच तिला शिकवलं होतं. तरी डोळे भरून आले. माणसाला उत्तर हवं असतं, मग ते आपलंच वाक्य परत आलेलं का असेना.

पुढे तिने आपले नेहमीचे प्रश्न विचारले. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं, ही माझी सवय. सरावाचंच पान, कोण बघतंय, म्हणून मनातलं खरं ते सांगितलं.

‘आपल्याला किती हवं आहे?’

“एक लाख,” मी म्हटलं.

‘कधीपर्यंत हवं आहे?’

“दत्तजयंतीच्या आत.”

‘एकदाच हवं आहे, की पुढेही लागेल?’

“या वर्षी एवढं पार पडलं तरी पुष्कळ. पुढे त्यांची इच्छा.”

‘धन्यवाद. आम्ही आपल्या सेवेत आहोत.’

मग मी जपाला लागले. रोज सकाळी आंघोळ, पूजा, आणि मग सखीच्या चौकटीत नामस्मरण. मधूनमधून मनात येईल ते देवाला सांगायचं, पुन्हा नाव घ्यायचं. इतकं शांत वाटे, काय सांगू.

मला न कळलेली गोष्ट एवढीच, की घटस्थापनेच्या दिवशी सखी खरी चालू झाली होती. केतकीने सगळ्यांना पेढा देऊन तसं सांगितलं सुद्धा. मी समजले, चालू झाली म्हणजे तिकडे, इंटरनेटवर झाली. माझ्या खिडकीतली सखी तर सरावाची. दोघी एकच आहेत, हे माझ्या डोक्यात कसं यावं? देवळातली मूर्ती आणि देवघरातली मूर्ती एकच देव असतो, हे मला कळतं. यंत्राचंही तसंच असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

तिकडे केतकीच्या मोबाइलवर काय गेलं असेल? फुकटच्या प्रकारात पूर्ण बोलणं दिसत नसे, नुसता सारांश येई. संस्था: श्री गुरुदेव दत्त. मागणी: एक लाख. मुदत: दत्तजयंती. पुढील मागणी: शक्य. गाव: रत्नागिरी. आणि खाली शेरा: ग्राहक अत्यंत उत्सुक.

हे सगळं मला नंतर कळलं. त्या वेळी मुलांनी ठरवलं होतं, पक्कं होईपर्यंत आईला सांगायचं नाही. सांगितलं तर ती सगळ्या भजनी मंडळाला साखर वाटून मोकळी होईल. घ्या. मी माझा संकल्प त्यांच्यापासून लपवतेय आणि ते माझाच संकल्प माझ्यापासून लपवतायत.

दोघांत वाद झाला म्हणे. मंदार म्हणाला, “एक लाख लिटर? अख्ख्या तालुक्याचं आगळ गोळा केलं तरी पुरणार नाही.”

“लिटर नसतील रे,” केतकी म्हणाली. “दत्तजयंतीला हवंय म्हणजे उत्सव असणार. प्रसादाबरोबर द्यायला छोट्या बाटल्या. गणपतीपुळ्याच्या बाजूला एवढी भक्तनिवासं झाली आहेत, त्यातलंच कुणीतरी.”

“फोन नंबर?”

“देत नाहीत. पण रोज सकाळी येतात. आंघोळ करून पहिलं काम आपल्याकडे येण्याचं करत असावेत, इतकी नेमकी वेळ.”

मग केतकीने सखीच्या नावाने स्वतः प्रश्न पाठवायला सुरुवात केली. माझ्या जपाच्या मधे ते उमटत, आणि मी दिलेलं उत्तर तेवढं सारांशात तिला जाई. मला वाटे, बाई, केतकीने हिला बरंच शिकवलेलं दिसतंय.

‘आम्ही आपल्याला मालाचा नमुना पाठवू का?’

“नमुना कशाला? माझा विश्वास आहे,” मी म्हटलं. सोलकढीला आगळ घरच्याच शेडमधून येत होतं, नमुना काय करायचा?

‘दराबद्दल आपली काही अपेक्षा?’

“जे द्याल ते प्रसाद म्हणून घेईन.”

‘आपल्याशी प्रत्यक्ष बोलता येईल का?’

“बोलणं नको. कृपा असू द्या.”

मंदार नंतर म्हणाला, “आई, धंद्यात इतका नम्र ग्राहक मी जन्मात पाहिला नव्हता. मला वाटलं, मोठी माणसं अशीच असतात.”

मंदारने देवरूखला जाऊन तिथल्या बचतगटाच्या बायकांना त्यांचं आगळ आपल्यासाठी राखून ठेवायला सांगितलं. बाजारातले रशीदभाई प्लॅस्टिकचा माल विकतात, त्यांना छोट्या बाटल्यांची ऑर्डर दिली. घरात दोघांचे चेहरे उजळलेले. मी आपली बघून मनात म्हणायची, जपाने घरात प्रसन्नता आली हो. तशी ती जपानेच आली होती, खोटं नाही.

आणि मग एका दुपारी रशीदभाई टेंपो घेऊन दारात. मी नुकती जेवण आटोपून ओटीवर आले होते.

“वैनी, पोती कुठं उतरवू? शेडमदी जागा नाय, मंदार बोलला घरी ठेवा.”

“कसली पोती?”

“बाटल्यांची. ही पयली खेप हाय. मोठं गिऱ्हाईक गावलं ना तुम्हाला. तुम्हाला नाय सांगितलं?”

“नाही बाई. कुठलं गिऱ्हाईक?”

“मंदार नाव घेत होता. गुरुदेव दत्त, असंच काय तरी. एक लाख बाटल्या पायजेत, दत्तजयंतीच्या आदी.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. दत्तजयंतीच्या आधी घेणारा आला, आणि आला तो दत्तगुरूंचंच नाव लावून. माझा संकल्प जसाच्या तसा, एका अक्षराचा फरक न होता फळला होता. याहून स्पष्ट साक्षात्कार काय असतो? मी आत गेले, देवापुढे साखर ठेवली आणि रशीदभाईंच्या हातावर ठेवली. ह्यांना दिली. हे म्हणाले, “अगो, कशाबद्दल?” मी म्हटलं, “खा आधी.” टेंपोतल्या पोत्यांवर सुद्धा हळदकुंकू वाहिलं. रशीदभाई शांतपणे बघत होते. त्यांना माझं वेड नवं नाही.

एवढ्यात केतकी आतून लॅपटॉप घेऊन बाहेर आली. मंदार तिच्या मागे. एवढी मोठी मागणी, म्हणून तिने सखीची पैसे भरायची योजना घेतली होती. त्यात पूर्ण बोलणं दिसतं.

“मंदार, काहीतरी बिघडलंय,” ती म्हणाली. “हा माणूस नुसतं नाव लिहितोय. श्री गुरुदेव दत्त, खाली परत तेच, खाली परत तेच. पानंच्या पानं.”

“फॉर्म अडकत असेल,” मंदार म्हणाला. “नाव नोंदलं जात नाही असं वाटून परत परत टाकत असेल बिचारा.”

“थांब. इथे मधेच वेगळं काहीतरी आहे.” ती वाचायला लागली. “‘देवा, केतकीला पित्ताचा त्रास फार होतोय. पोरगी सकाळचं काही खात नाही. तिला बरं वाटू दे.’”

रशीदभाईंनी उचललेलं पोतं परत टेंपोत ठेवलं.

“मोठ्या घेणाऱ्याला तुझं पित्त कसं ठाऊक?” हे म्हणाले.

केतकीने पुढे सरकवलं. आवाज हळू झाला होता तिचा. “‘मंदारला पुण्याला परत जावं लागू नये. त्याने झाडांना लावलेला जीव वाया जाऊ नये.’”

तिने माझ्याकडे पाहिलं. मग सगळ्यांनी पाहिलं. मी माझ्या मनगटाच्या पट्ट्याकडे पाहत होते. संकल्प फुटला होता, आणि तोही लॅपटॉपवर.

“आई,” मंदार म्हणाला, “एक लाख म्हणजे...”

“नाम,” मी म्हटलं. “लिखित जप. हात दुखतो म्हणून त्यात बोलत होते. केतकी म्हणाली होती ना, तिथलं पुसून जातं म्हणून.”

“बरं झालं गो,” हे म्हणाले, “नमुना नको म्हणालीस. नाही तर पोरांनी देवाला पार्सल केलं असतं.”

कुणी हसलं नाही. हे सुद्धा नाहीत. मंदार पायरीवर बसून समोरच्या पोत्यांकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाला, “कोल्हापूरचा माणूस गेला, केतकी.”

तेव्हा मला कळलं, की खरी चूक कुठे होती ती. कोल्हापूरला कारखान्यांच्या कॅन्टीनना जेवण पुरवणारे कुणी घोरपडे म्हणून आहेत. त्यांनी सखीकडे रीतसर चौकशी केली होती. दर महिन्याला आगळ हवं होतं. लाखाचं नव्हे, बेताचंच, पण वर्षभर. सखीने त्यांना सगळं बरोबर विचारलं होतं, सारांशही वेळेवर आला होता. आणि मुलांनी त्यांना कळवलं होतं, ‘क्षमस्व, सगळा माल एका मोठ्या मागणीसाठी राखून ठेवला आहे.’

म्हणजे ज्या घेणाऱ्यासाठी मी जप करत होते तो आला होता. आणि माझ्या जपानेच त्याला दारातून परत पाठवलं होतं.

मी त्या संध्याकाळी दिवा लावला आणि नुसती बसून राहिले. सखीचा राग येईना. तिने काही चुकीचं लिहिलं नव्हतं. मी काही खोटं सांगितलं नव्हतं. तरी आम्ही दोघींनी मिळून घर पालथं घातलं. दारावर बसवलेली ही मुलगी कधी दमत नाही, चिडत नाही, येईल त्याला विचारते. फक्त समोर कोण उभं आहे ते तिला दिसत नाही. आणि खरं सांगायचं, तर मला तरी कुठे दिसत होतं? मी देवाशी बोलतेय असं समजत होते आणि पलीकडे माझी सून वाचत होती. माझं देवाला सांगितलेलं तिने वाचलं, त्याची मात्र मला लाज वाटली नाही. त्या दिवसापासून ती सकाळचं खायला लागली.

रशीदभाई पोती परत घेऊन गेले. मंदार त्यांना काही सांगायला लागला तर म्हणाले, “अरे, बाटल्या काय नासतायत? दत्तजयंती नाय तर शिमगा, कोणी तरी घेईल. वैनी, तुमच्या देवाचं नाव माझ्या टेंपोतनं फिरलं. पेट्रोल फुकट गेलं असं मी नाय म्हणणार.” देवरूखच्या बायकांना मंदारने फोन करून खरं ते सांगितलं. त्या पुष्कळ हसल्या म्हणे. मग म्हणाल्या, राहू दे आमच्याकडेच, पुढे लागलं तर सांगा.

राहता राहिले घोरपडे.

“मी सखीतून माफीचा नीट मजकूर पाठवते,” केतकी म्हणाली.

“यंत्राकडून माफी मागायची नाही,” मी म्हटलं. “चूक माझी आहे, मी माणसासारखी बोलेन. नंबर लाव.”

“आई, ते फार कामात असतात.”

“काम कुणाला नाही? लाव तू.”

तिने फोन लावून स्पीकरवर ठेवला. पलीकडून एक भारदस्त आवाज आला. “घोरपडे बोलतोय.”

“नमस्कार. मी रत्नागिरीहून मंदारची आई बोलते. जेवलात का?”

“अं... हो, झालं.”

“काय होतं आज?”

“जी?”

“जेवायला हो.”

“भाकरी होती. आपलं काम काय होतं?”

मंदारने कपाळाला हात लावला. मी त्याच्याकडे पाठ केली आणि घोरपड्यांना सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून. गुरुपौर्णिमेचा संकल्प, मोदक, मनगट, सखी, बाटल्या. ते मधेमधे “बरं”, “असं का” म्हणत होते. माणूस चांगला वाटला, म्हणून घरी कोण कोण असतं विचारलं. आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. मग गुडघ्यांना काय लावायचं ते सांगितलं. आगळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ठेवू नका, ओला चमचा घालू नका, सोलकढीला नारळ जुना बघून घ्या, तेही सांगितलं. ते म्हणाले, “काकू, माझी मीटिंग आहे.” मी म्हटलं, “हो हो, संपवतेच,” आणि गुरुवारी उपास कसा सोडावा ते थोडक्यात सांगून, दत्तजयंतीला नरसोबाच्या वाडीला जाणं झालं तर आमचाही नमस्कार सांगा म्हटलं. मग नीट माफी मागितली. म्हटलं, “माझ्या वेडेपणाची शिक्षा पोरांना नको. नमुना पाठवते. आवडला तर घ्या, नाही तर माझ्या हातची सोलकढी समजून पिऊन टाका.”

“पाठवा,” ते म्हणाले. “बघतो.” फोन ठेवला.

“मन मोकळं झालं,” मी म्हटलं.

“त्यांचं पण झालं असेल,” हे म्हणाले, “त्या गुडघ्यांसकट.”

नमुना दुसऱ्याच दिवशी एसटीच्या पार्सलने गेला. मग वाट बघणं. हाताला उतार पडला होता, म्हणून मी वही काढून उरलेला जप हळूहळू हातानेच लिहायला घेतला. पण या वेळी नाव घेताना काही मागितलं नाही. मागून झालं होतं, आणि ते कुठे कुठे पोहोचतं ते पाहूनही झालं होतं. मंदार पुण्याचं नाव काढत नव्हता, पण कपाटावरची बॅग खाली आलेली मला दिसली होती.

दत्तजयंती जवळ आली होती. सकाळचा चहा चालला होता आणि केतकीचा मोबाइल वाजला. सखीकडून निरोप होता. कोल्हापूर.

केतकी मोठ्याने वाचायला लागली. “‘नमुना पसंत आहे. आमच्या सगळ्या कॅन्टीनमध्ये सोलकढी सुरू करतोय. पुढच्या महिन्यापासून दर महिन्याला माल पाठवावा, वर्षभरासाठी.’”

मंदारने कप खाली ठेवला. माझे हात आपोआप जोडले गेले. हे सुद्धा वर्तमानपत्र बाजूला ठेवून बसले होते.

“पुढे काय आहे?” मी विचारलं. “काहीतरी लिहिलेलं दिसतंय.”

“काही नाही, आई.”

“वाच ना. माझ्याबद्दल आहे का?”

केतकीने मंदारकडे पाहिलं. मंदारने छताकडे पाहिलं. मग तिने वाचलं. “‘काकूंना नमस्कार. त्यांच्या औषधाने आईला आराम आहे. एकच अट आहे. यापुढचा सगळा व्यवहार चॅटबॉटवरूनच व्हावा. काकूंनी कृपया फोन करू नये.’”

आणि मला काही विचारायच्या आत केतकीने ‘मान्य’ असं लिहून पाठवून सुद्धा दिलं.